यूजनेटवर बॅकअप ठेवायचा असेल तर

ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९ मध्ये सुचलेलं यूजनेट हे सर्व्हरचं जाळं मुळात चर्चेसाठी होतं. पण त्यावर आपल्या फाइलींचा बॅकअपही ठेवता येतो. मला ही पद्धत मनापासून आवडते: एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर इतर सर्व्हर आपणहून उचलतात, त्यामुळे प्रती दूरदूर पसरतात.

यूजनेट मजकुरासाठीच बनलेलं, म्हणून फाइलचे तुकडे करून ते मजकुरासारखे पाठवावे लागतात. यासाठीच्या जुन्या यूयूएनकोड पद्धतीमुळे आकार एक तृतीयांशाहून जास्त फुगायचा. २००१ मध्ये आलेल्या वायएन्कने ही वाढ एक-दोन टक्क्यांवर आणली.

काही तुकडे हरवू शकतात; तिथे खरी कमाल पार२ या दुरुस्ती-फाइलींची! रीड-सॉलोमन गणितावर चालणारे त्यांचे जादा ब्लॉक दहा टक्के जोडले, तर साधारण तेवढा भाग हरवला तरी मूळ फाइल जशीच्या तशी उभी राहते.

पाठवण्याआधी सेव्हन-झिपने एईएस-२५६ एनक्रिप्शन कराच, फाइलींची नावंही लपवा. तिथलं काहीही कुणीही उतरवून घेऊ शकतं. तुकड्यांचे पत्ते असलेली एनझेडबी फाइल आणि पासवर्ड दोन ठिकाणी जपा. ते गेले तर बॅकअप गेलाच.

मोठे पुरवठादार दहा वर्षांहून जुना मजकूर ठेवतात, पण तुमच्या फाइलीची हमी देत नाहीत. म्हणून घरच्या हार्डडिस्कनंतरची ही जादा प्रत समजा. अधूनमधून उतरवून तपासा, तुकडे गळत असतील तर पुन्हा पाठवा.