मिन्ता माआफ

जावा बेटाच्या पश्चिम भागात, कारावांग शहराजवळ, रावागेडे नावाचं गाव होतं. आज त्याला बालोंगसारी म्हणतात. 9 डिसेंबर 2011 रोजी तिथल्या स्मारकापाशी शेकडो माणसं जमली होती. त्यांत काही अगदी थकलेल्या म्हाताऱ्या होत्या. नेदरलँड्सचे राजदूत त्येर्ड द झ्वान बोलायला उभे राहिले. आपल्या सरकारच्या वतीने त्यांनी एक वाक्य उच्चारलं आणि मग तेच वाक्य इंडोनेशियन भाषेत पुन्हा म्हटलं. जमलेल्यांपैकी कित्येकांना रडू आवरलं नाही.

इंडोनेशियन भाषेत माफी मागण्याला 'मिन्ता माआफ' म्हणतात. मिन्ता म्हणजे मागणं. आणि माआफ? तो आपलाच शब्द आहे. एकच अरबी शब्द एकीकडे जावा-सुमात्राच्या बंदरांत उतरला आणि दुसरीकडे फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'माफ' झाला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी शहारून गेलो होतो. हजारो कोसांवरच्या त्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी ऐकलेला शब्द आपल्या घरात दिवसातून चारदा उच्चारला जातो.

आणि दोन्ही भाषांत त्याच्याशेजारी क्रियापदही एकच आहे: मागणं. खेद व्यक्त करता येतो. दिलगिरीही व्यक्त करता येते, आणि त्यासाठी समोर कुणी असायची गरज नसते. माफी मात्र मागावीच लागते. मागायची म्हणजे समोर कुणीतरी हवं, आणि द्यायची की नाही हे त्या समोरच्याच्या हातात. ज्या राज्याने कधीकाळी एखाद्या बाईच्या नवऱ्याला गोळी घातली, त्याच राज्याने हात पसरून तिच्यापुढे उभं राहायचं! राष्ट्रांना हा शब्द इतका जड का जातो, ते माझ्या मते इथे कळतं.

रावागेडेत काय झालं होतं? इंडोनेशियाने 17 ऑगस्ट 1945 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं, पण नेदरलँड्सला ते मान्य नव्हतं आणि चार वर्षं युद्ध चाललं. 9 डिसेंबर 1947 च्या पहाटे डच सैनिक लुकास कुस्तार्यो या बंडखोर सेनानीला शोधत गावात शिरले. तो सापडला नाही. मग गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. गावकरी मृतांचा आकडा 431 सांगतात, डच सरकार 150 सांगत आलं. कुणावरही खटला चालला नाही.

साठ वर्षांनंतर काही विधवा आणि हत्याकांडातून वाचलेला एक पुरुष यांनी हेगच्या न्यायालयात दावा लावला. सरकारचं म्हणणं होतं की मुदत केव्हाच उलटून गेली. 14 सप्टेंबर 2011 रोजी न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या आयुष्याचा प्रत्यक्ष घात झाला त्या विधवांपुढे मुदतीचा आडोसा घेणं न्यायाला धरून नाही. प्रत्येकीला 20,000 युरो मिळाले. दावा लावणारे ते वाचलेले पुरुष, साइह बिन साकाम, निकालाच्या चार महिने आधी वारले होते.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. आज हॉलंडमध्ये जन्मलेल्या मुलाने 1947 च्या गोळीची माफी का मागायची? त्याने काय केलं?

त्याने काहीच केलं नाही. पण माफी तो मागत नाही, राज्य मागतं, आणि राज्य म्हणजे माणसांचा घोळका नव्हे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. बाप गेला, जमीन नावावर झाली, की सातबाऱ्यावरचा बोजाही तिच्यासोबत येतो. कर्ज मी काढलं नव्हतं असं सांगून तो उतरत नाही. आणि राज्यांना हा हिशेब फार उत्तम समजतो. 1949 च्या अखेरीस नेदरलँड्सने इंडोनेशियाला मोकळं केलं तेव्हा वसाहतीच्या सरकारचं चार अब्ज गिल्डरहून अधिक कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं. ब्रिटनचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. गुलामगिरी बंद केल्यावर ब्रिटिश सरकारने गुलामांच्या मालकांना 2 कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना एक पैसाही दिला नाही. त्यासाठी 1835 मध्ये काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष फिटला 2015 मध्ये! एकशेऐंशी वर्षं राज्य ते देणं लक्षात ठेवून होतं. सावकाराचं देणं पिढ्यानपिढ्या चालतं, तर विधवेचं का चालू नये?

आता केनियाकडे जाऊ, कारण माफीच्या आधी काय लागतं हे तिथे दिसतं. लागतात कागद.

ऑक्टोबर 1952 मध्ये माऊ माऊ बंड मोडायला ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी लावली. जमिनी गेलेल्या किकुयू लोकांचं ते बंड होतं. त्यातही क्रौर्य होतं, लारी गावात बंडखोरांनी आपल्याच माणसांना जाळून मारलं. पण सरकारने जे केलं त्याला तोड नव्हती. हजारोंना छावण्यांत कोंडलं, हजाराहून अधिक माणसांना फासावर चढवलं. मार्च 1959 मध्ये होला छावणीत अकरा कैद्यांना बडवून ठार केलं, आणि पहिल्या सरकारी निवेदनात म्हटलं होतं की हे लोक गाड्यावरच्या टाकीतलं पाणी पिऊन मेले. त्या अकरा प्रेतांसोबत बेशुद्ध वांबुगु न्यिंगी यांनाही मेलेले समजून टाकून दिलं होतं. ते जिवंत निघाले.

याच आणीबाणीत आपल्याकडचाही एक माणूस आत गेला. पिओ गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला गोंयकार, गोव्यात आणि भारतात शिकलेला, पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीतून परत केनियात गेलेला. 1954 मध्ये त्याला पकडलं, मांडा बेटावर ठेवलं आणि 1959 पर्यंत मोकळं केलं नाही.

1963 मध्ये केनिया स्वतंत्र व्हायची वेळ आली तेव्हा वसाहतींच्या कचेऱ्यांत एक निराळंच काम चाललं होतं. लंडनहून हुकूम होता की सरकारला अडचणीत आणतील असे कागद नव्या राज्याच्या हाती पडता कामा नयेत. निवडलेल्या फायलींवर 'डब्ल्यू' हे अक्षर उमटवायचं. त्या हाताळायच्या फक्त युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. जाळल्या तर राखेचाही चुरा करायचा. समुद्रात बुडवायच्या तर जड पेटीत घालून, किनाऱ्यापासून शक्य तेवढ्या दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात. उरलेल्या फायली विमानाने इंग्लंडला न्यायच्या. त्या मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन लेगसी'. लेगसी म्हणजे वारसा.

1967 मध्ये केनियाने आपले कागद परत मागितले. नकार मिळाला. पुढे चार दशकं त्या फायलींचा ब्रिटिश सरकार उच्चारही करत नव्हतं. मग वांबुगु न्यिंगी, पाउलो न्झिली, जेन मुथोनी मारा आणि त्यांच्या सोबत्यांनी 2009 मध्ये लंडनला दावा लावला. न्झिलींचं अंडकोष चिरडून खच्चीकरण केलं होतं, मारा कोवळ्या वयाच्या असताना त्यांच्यावर बाटलीने अत्याचार झाला होता. इतिहासकार डेव्हिड अँडरसन यांनी न्यायालयात ठामपणे सांगितलं की केनियाहून आणलेल्या सुमारे 1,500 फायली सरकारकडे असायलाच हव्यात. शोध सुरू झाला, आणि 2011 च्या सुरुवातीला त्या निघाल्या. बकिंगहॅमशर परगण्यातल्या हॅन्स्लोप पार्क या परराष्ट्र खात्याच्या बंदोबस्तातल्या आवारात, 300 खोक्यांत. आणि केवळ केनियाच्याच नाहीत. 37 वसाहतींच्या सुमारे 8,800 फायली तिथे पडून होत्या!

ज्या छळाचा पुरावाच नाही असं म्हातारे कैदी ऐकत आले होते, त्याची टिपणं अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. राज्य जे विसरलो म्हणतं ते कुठल्यातरी फडताळात तारीखवार लावलेलं असतं, याचं मला राहूनराहून नवल वाटतं.

6 जून 2013 रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग ब्रिटिश संसदेत उभे राहिले. छळ झाला हे मान्य केलं. 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंड आणि नैरोबीत एक स्मारक कबूल केलं. शब्द मात्र निवडला तो खेदाचा, आणि कायदेशीर जबाबदारी आपण नाकारतो हेही त्याच निवेदनात सांगितलं. 2019 मध्ये जालियनवाला बागेच्या शताब्दीला पंतप्रधान थेरेसा मे यांच्या तोंडूनही खेदच आला.

म्हणजे माफी मागितली की राज्य कोसळतं का? नेदरलँड्सच्या राजाने 2020 मध्ये इंडोनेशियात जाऊन माफी मागितली, 2022 मध्ये पंतप्रधानांनी मागितली. काही कोसळलं नाही. पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता, ज्यांचे वडील ओर्लांदो द कॉश्ता मडगावात वाढले, ते सप्टेंबर 2022 मध्ये मोझांबिकच्या मापुतो शहरात गेले आणि पोर्तुगीज सैन्याने 1972 मध्ये केलेल्या विरियामु हत्याकांडाबद्दल, ते अक्षम्य कृत्य होतं असं स्पष्ट सांगून, माफी मागून आले. अक्षम्य म्हणायचं आणि तरीही क्षमा मागायची! मागणाऱ्याने मिळण्याची हमी धरायची नसते, हे त्या माणसाला कळलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. राष्ट्रांनी माफी मागावी. आधी कागद उघडावेत, मग त्या गावात जावं आणि तिथल्या भाषेत मागावी. आणि हे सगळं ऐकायला कुणी हयात आहे तोवर करावं, कारण मुदतीचा खेळ फार क्रूर असतो. केनियाच्या आणखी 40,000 हून अधिक लोकांनी लंडनमध्ये दुसरा दावा लावला होता. घटनांना फार काळ लोटला, आता न्याय्य सुनावणी होऊ शकत नाही, असं म्हणून न्यायालयाने 2018 मध्ये तो फेटाळला. ऑक्टोबर 2023 मध्ये राजे चार्ल्स नैरोबीत आले. त्या अत्याचारांना सबब असूच शकत नाही असं म्हणाले, अतीव दुःख आणि खेद व्यक्त केला. माफी त्यांनीही मागितली नाही.