‘काय’ आणि ‘केव्हा’

समजा एखाद्या छोट्या ग्रंथालयाच्या नोंदी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये आहेत. हे मोफत मिळतं, पण ठरल्या वेळी कामं करणारा ‘एजंट’ त्यात नसतो. मग अडलं का? नाही. ‘काय करायचं’ आणि ‘केव्हा करायचं’ हे आपण वेगळं काढू. बॅकअपची आज्ञा फाइलीत लिहू, ती एसक्यूएलसीएमडी चालवेल. त्याला रात्री 2 वाजता उठवेल विंडोजचा टास्क शेड्यूलर. अर्थात संगणक तेव्हा चालू हवा.

प्रत मात्र दुसऱ्या जागी ठेवू. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एकाच छपराखालच्या ठेव्याचं काय होतं ते पुण्याने पाहिलंय. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून बघू. ‘काम झालं’ हा पडद्यावरचा निरोप आहे, प्रमाण नव्हे.