विज्ञानकथेतील स्पष्टीकरणाचा पेच : जयंत नारळीकरांच्या कथालेखनाच्या निमित्ताने

मराठी विज्ञानकथेविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते : या लेखनाला साहित्य म्हणावे की विज्ञानप्रसार? जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथांबाबत हा प्रश्न वारंवार विचारला गेला. प्रश्न मोघम आहे आणि त्याचे उत्तर समीक्षकाच्या पूर्वग्रहानुसार ठरते. त्याऐवजी लेखनप्रक्रियेतील एक नेमकी अडचण समोर ठेवली तर या कथांचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतील असे वाटते. वाचकाला अपरिचित असलेली वैज्ञानिक कल्पना कथेत सांगायची कोणी, कोणाला आणि कोणत्या क्षणी? नारळीकरांच्या कथालेखनाचा प्रवास हा बऱ्याच अंशी या पेचाशी झालेल्या झटापटीचा प्रवास आहे.

'मनोरंजन' मासिकात १९१५ साली आलेल्या श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य'सारख्या कथा असूनही मराठीत विज्ञानकथेची सलग परंपरा अशी नव्हती. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा सुरू केल्यावर तिला निश्चित व्यासपीठ मिळाले. १९७४ च्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने योजली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून संहिताही मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ही हकीकत गमतीने सांगितली जाते, पण तिला वाङ्मयीन अर्थ आहे. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा शास्त्रज्ञ आपल्या कथेवरून स्वतःचे नाव काढून घेतो, तेव्हा तो तिचा निवाडा कथा म्हणूनच व्हावा असे सुचवीत असतो. पुढे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले तोवर विज्ञानकथा शालेय पाठ्यपुस्तकांत स्थिरावली होती. विद्यापीठीय समीक्षेत मात्र ती अजून ओसरीवरच उभी होती.

प्रभावांचा विचार करताना हॉएल यांचे नाव टाळता येत नाही. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. सूर्याला झाकोळून टाकणारा वायुमेघ, त्यापुढे हतबल झालेले राज्यकर्ते आणि आकडेमोड करीत बसलेले शास्त्रज्ञ, हा तिचा साचा. शास्त्रज्ञांची बैठक हाच कथेतील नाट्याचा केंद्रबिंदू असू शकतो ही जाण नारळीकरांकडे या गुरुगृहातून आली असावी. त्यांच्या गद्याचे वळण मात्र वेगळ्या ठिकाणचे आहे. त्यांचे बालपण बनारसला गेले, शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी ही घरातली भाषा. त्यामुळे असेल कदाचित, पण समकालीन नवकथेची प्रतिमाबहुल, वळणावळणाची शैली त्यांना शिवलीच नाही. वाक्य सरळ, छोटे आणि कामापुरते. ही निरलंकृतता उणीव म्हणून नोंदवली जाते. अवघड कल्पना पेलणाऱ्या कथेला ती उपकारकही ठरली, हे सहसा नोंदवले जात नाही.

आता मूळ पेचाकडे. रहस्यकथेचा लेखक उलगडा शेवटपर्यंत राखून ठेवू शकतो. विज्ञानकथाकाराला ती मुभा नाही. सापेक्षतेमुळे काळ मंदावतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला कथेतील आश्चर्यच कळत नाही, आणि ते समजावून सांगावे तर कथा थांबते. ज्ञानी पात्र बोलते आणि अज्ञ पात्र सोयीचे प्रश्न विचारते, ही यावरची रूढ युक्ती नारळीकरांनीही पुष्कळदा वापरली आहे. अशा ठिकाणी पात्रे खडूफळ्यासारखी होतात. त्यांना स्वभाव उरत नाही, स्त्रीपात्रांना तर बहुधा श्रोत्याचीच भूमिका येते. हे मान्य करण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

परंतु त्यांनी आणखी दोन वाटा शोधल्या. पहिली पुराणकथेची. यक्ष, वामन, भस्मासुर ही नावे केवळ शीर्षकाची सजावट नाहीत. 'वामन परत न आला' या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या प्राचीन ज्ञानातून एक यंत्रमानव घडवला जातो. आपल्यासारखेच दुसरे यंत्र निर्माण करण्याची त्याची आकांक्षा वाचकाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही, कारण लहान दिसणारा याचक पुढे काय व्यापून टाकतो हे मराठी वाचकाला आधीच माहीत आहे. अर्धे स्पष्टीकरण परंपरेनेच करून ठेवलेले असते. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्येही डाव्या-उजव्याची अदलाबदल भूमितीतून समजण्यापूर्वी देवघरातून समजते.

दुसरी वाट 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची, आणि ती अधिक मोलाची आहे. येथे नायक शास्त्रज्ञ नसून इतिहासकार आहे. पुण्याहून मुंबईला निघालेले गंगाधरपंत अशा मुंबईत पोहोचतात जिथे इतिहासच निराळा घडला आहे. ते ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि १७६१ च्या पानिपतावर येऊन थबकतात : येथे मराठे जिंकले आहेत, कारण विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. हॉएल यांच्या 'ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट' (१९६६) या कादंबरीत पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे काळ एकाच वेळी नांदतात. तेथील निवेदक संगीतकार आहे. नारळीकरांनी संगीतकाराच्या जागी इतिहासकार आणला ही निवड निर्णायक ठरली. पुरावा शोधणे हा गंगाधरपंतांचा स्वभावच असल्याने वाचकापर्यंत पोहोचवायची माहिती त्यांच्या कुतूहलातून आपोआप येते. शिवाय पानिपत ही मराठी मनातील जुनी सल. 'गोळी लागली नसती तर?' हा प्रश्न दोन शतके घरोघरी विचारला गेला आहे. कथा त्याला पुंजभौतिकीतील अनिश्चिततेचा आधार देते. अखेरीस राजेंद्र देशपांडे हे पात्र शास्त्रीय उपपत्ती सांगते तेव्हा ते व्याख्यान असूनही खटकत नाही, कारण तोपर्यंत ते ऐकण्याची निकड गंगाधरपंतांइतकीच वाचकालाही झालेली असते. खिशात राहिलेले बखरीचे फाटके पान त्या निकडीला घट्ट धरून ठेवते. इतिहासातील 'जर-तर' हा निव्वळ कल्पनाविलास समजणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी.

'धूमकेतू' या कथेत हा पेच आणखी एका टोकाला जातो. हौशी निरीक्षक दत्त यांना सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता दिसते; शास्त्रज्ञ गुप्तपणे त्यावर उपाय योजतात आणि संकट टळते. इकडे दत्तांच्या घरात अरिष्टशांतीसाठी यज्ञ झालेला असतो आणि टळलेल्या संकटाचे श्रेय त्यांची पत्नी यज्ञाला देते. फलज्योतिषाला आयुष्यभर उघड विरोध करणाऱ्या लेखकाने येथे तिला निरुत्तर करणे अपेक्षित होते. तसे घडत नाही. कथेत खरे काय ते ठाऊक असलेला माणूस समोर बसला आहे, स्पष्टीकरणही तयार आहे, आणि ते ऐकणारे त्या घरात कोणी नाही.