न दुखणारी कावीळ

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो : "कावीळ झालीय. अमक्या गावी माळ मिळते, घालून घ्या." कोणी माळ घालतो, कोणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळे झालेले पाहतो, कोणी झाडपाल्याचा रस घेतो. तेल-तूप बंद होते, उसाचा रस सुरू होतो. आणि खरे सांगायचे तर बहुतेक माणसे बरी होतात. मग माळेला दोष का द्यायचा, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच एका कठीण आजाराची ओळख दडलेली आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात शिकवणारा माणूस. पण माझ्या थोरल्या मामांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा आम्ही शिकल्यासवरल्या मंडळींनीही सहा आठवडे माळेवर काढले. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : "डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले?" त्या प्रश्नाने मला या विषयाकडे वळवले.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की कावीळ हा रोग नव्हे, ती खूण आहे. यकृतात पित्त तयार होते आणि एका नळीवाटे आतड्यात उतरते. यकृत सुजले किंवा ही नळी अडली, की पित्तातला पिवळा रंग रक्तात साचतो आणि डोळ्यांत दिसतो. खूण एक, कारणे मात्र निरनिराळी.

यकृत सुजण्याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या विषाणूची ती साथ. अशा काविळीत बहुधा ताप येतो, मळमळते, अन्नावरची वासना जाते. गरोदर स्त्रियांना ती फार धोक्याची असते. पण बाकीच्या बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत आपले आपण सावरते. माळ घातली काय अन् न घातली काय! श्रेय मात्र माळेच्या पदरात पडते.

आता दुसरी कावीळ पाहू. जठराच्या मागे, पोटात आडवे पसरलेले स्वादुपिंड असते; लांबी सुमारे १५ ते २० सेंटिमीटर. अन्न पचवणारा रस आणि रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिन ही त्याची देणगी. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते, आणि पित्ताची नळी आतड्याला मिळण्यापूर्वी या डोक्यातूनच जाते. तिथे कर्करोगाची गाठ वाढली की नळी चेपते. शेतातल्या पाटात दरड पडली की पाणी मागे तुंबते, तसे पित्त तुंबते. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, लघवी कडक चहासारखी होते आणि शौचाचा रंग शाडूसारखा फिका पडतो. पुष्कळदा ताप नाही, पोटात दुखणेही नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. खरा घात इथेच होतो.

गाठ स्वादुपिंडाच्या मध्यात किंवा शेपटाकडे असेल, तर कावीळही लवकर होत नाही. वरच्या पोटात दुखते, कळ पाठीत जाते, भूक मंदावते, वजन उतरते. आपण म्हणतो, "पित्त झालंय." पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह लागला आणि त्याचबरोबर वजन घटू लागले, तर तीही विचारात घ्यावी अशी खूण आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये पोटाच्या तक्रारीमुळे मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाले. पुढे अमेरिकेतही उपचार झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाच त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पहिल्या दाखल्यापासून पुरते तेरा-चौदा महिनेच.

मग उपाय काय? मुळातून बरे होण्याची आशा मुख्यतः शस्त्रक्रियेत. अॅलन व्हिपल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३५ साली जाहीर केलेली शस्त्रक्रिया सुधारत सुधारत आजही केली जाते. तीत स्वादुपिंडाचे डोके, पित्ताशय, आतड्याचा पहिला भाग काढून उरलेले पुन्हा जोडतात. परंतु निदान होते तेव्हा शंभरांतले पंधरा-वीसच रोगी या शस्त्रक्रियेच्या टप्प्यात असतात. बाकीच्यांत रोग मोठ्या रक्तवाहिन्यांत किंवा यकृतात शिरलेला असतो. म्हणून दिवसांना मोल आहे.

धडधाकट माणसांची सरसकट चाचणी करावी, अशी सोय या रोगात नाही. खूण दिसली की मात्र रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लगेच करावी. पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसत नाही असेही होते. तेव्हा रिपोर्ट चांगला आला तरी तक्रार चालूच असेल, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे. नळी पित्ताच्या खड्यानेही अडते, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. दडपून ठेवू नये, एवढेच.

"आता काही करण्यासारखं नाही," हे वाक्यही खरे नव्हे. नळीत बारीक जाळी बसवून पित्त वाहते करता येते, औषधांनी रोग काही काळ आवरता येतो, वेदना शमवता येतात, पचनासाठी गोळ्या देता येतात. मामांच्या नळीत जाळी बसवली, खाज थांबली आणि पाच महिने ते घरच्या सोप्यात बसून नातवंडांशी बोलू शकले. शस्त्रक्रियेची वेळ मात्र टळून गेली होती. आधी गेलो असतो तर ते वाचले असते, असे कोणी छातीठोक सांगणार नाही. पण तो प्रश्न विचारण्याची संधीच आम्ही घालवली.

विडी-सिगारेट सोडणे, हा हा धोका कमी करण्याचा आपल्या हातातला मोठा उपाय. धूम्रपानाने तो जवळजवळ दुप्पट होतो. आणि घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या माणसाचे, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. माळ घालायचीच असेल तर खुशाल घाला. पण ती दवाखान्याच्या वाटेवर घाला.