आमवात आणि आठवड्याची गोळी

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतले अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडू लागते. सुरुवात बहुधा दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे यांपासून होते. सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता-संगमनेरच्या दूधपट्ट्यात पहाटे धार काढायला बसलेल्या बाईची मूठ वळत नाही, सडावर पकड बसत नाही, भाकरी थापताना मनगटातून कळ जाते. ऊन वर आले की हात थोडे मोकळे होतात आणि दुखणे अंगावर काढले जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि तोही ऐन कामाच्या वयात.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे 0.5 टक्के लोकांना आमवात आढळला. भिगवण पुणे जिल्ह्यात असले, तरी उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडे अहिल्यानगरचा कर्जत तालुका लागतो. 2011 च्या जनगणनेनुसार अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या 45 लाखांवर होती. त्यांतले 30 लाख प्रौढ धरून तेच प्रमाण लावले, तर रुग्णांचा अंदाज 15 हजारांच्या घरात जातो.

दुखू लागले की पहिली धाव वेदनाशामकांकडे असते. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन यांनी काही तासांत आराम पडतो, पण हाडाची झीज थांबत नाही. महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. उन्हात राबताना पाणी कमी प्यायले जाते, तेव्हा हा धोका वाढतो.

स्टेरॉइडची गोष्ट वेगळी आहे. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच तो रुग्ण चालू लागला. 1950 चे नोबेल पारितोषिक या संशोधनाला मिळाले. दुष्परिणाम मागाहून कळले: चेहरा सुजणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू. आज प्रेडनिसोलोन कमी मात्रेत, मुख्य औषध लागू पडेपर्यंतच देतात. पण सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. अशी पुडी पहिल्याच दिवशी गुण देते आणि म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. दीर्घकाळ घेऊन ती एकदम बंद केली, तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होत नसल्याने रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो.

उपचाराचा कणा आहे मेथोट्रेक्सेट. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने 1940 च्या दशकात फॉलिक आम्लाला अडवणारी जी औषधे तयार केली, त्यांतलेच हे एक. ही औषधे आधी मुलांच्या रक्तकर्करोगावर वापरली गेली. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. कर्करोगाचे औषध म्हणून घरचे लोक घाबरतात, पण इथली मात्रा फार लहान असते: आठवड्यातून एकदा, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. सांधे वाकडे होण्याआधी, पहिल्या काही महिन्यांतच सुरू केले तर त्याचा खरा फायदा होतो. इतके स्वस्त आणि इतके पारखलेले दुसरे औषध या आजारावर नाही.

त्यातला सर्वांत मोठा धोका टाळता येण्याजोगा आहे. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. त्यामुळे चिठ्ठीवर वाराचे नाव अक्षरात लिहिलेले हवे. गावाच्या आठवडी बाजाराचा वार धरला तर विसर पडत नाही. दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्लाची गोळी घेतल्याने मळमळ आणि तोंड येणे कमी होते. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी करावी लागते. दारू वर्ज्य. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. गर्भाला हे औषध घातक असल्याने मूल हवे असेल तर काही महिने आधी बंद करावे लागते.

एकट्या मेथोट्रेक्सेटने भागले नाही तर जोड देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापाचे औषध बरेच सौम्य असून गरोदरपणातही चालते. मात्र ते वर्षानुवर्षे घेताना डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. सल्फासॅलाझिन सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही. लेफ्लुनोमाइड यकृताला त्रास देऊ शकते आणि शरीरात फार काळ टिकते, म्हणून गरोदरपणाआधी दुसरे औषध देऊन ते शरीराबाहेर काढावे लागते.

त्यापुढची पायरी जैविक औषधांची. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये 1992 मध्ये दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला अडवणारे औषध रुग्णांना दिले. मूळ इंजेक्शने फार महाग होती. 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडसने ॲडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती आणली आणि किंमत उतरली, तरी शेतकरी कुटुंबाला ती आजही जड जाते. शिवाय टीएनएफ हाच शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतो. तो अडवला की क्षय उफाळू शकतो. आपल्याकडे क्षय घरोघरी पोहोचलेला असल्याने छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय हे इंजेक्शन घेऊ नये. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांनाही हीच काळजी लागू आहे. त्यांच्यामुळे नागीण होण्याचे प्रमाण वाढते. रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकार यांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने 2021 मध्ये कडक इशारा दिला.

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि अनेकांचे उपचार इथेच तुटतात. आमवाताच्या रुग्णाने निघण्याआधी रक्त तपासून घ्यावे, पुरेशा गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि औषधांची चिठ्ठी जपून ठेवावी. कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात ती दाखवून पुढची तपासणी करून घेता येते.