त्याची माय कामावर गेली असंल

उसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. "यंदा किती कोयते आणले?" असं मुकादमाला विचारलं जायचं, त्यात माझे माय-बाबा मिळून एक. दिवाळी झाली की साक्री तालुक्यातल्या घराला कुलूप लावून, कोंडाईबारीचा घाट उतरून, नवापूर-सोनगड-व्यारा करत आम्ही सुरत जिल्ह्यात यायचो. पडावावर कोपी उभी करायची आणि उन्हाळ्यापर्यंत फडामागून फड. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीच्या तोडकऱ्यांवर लिहिलं, त्यात खानदेशची हीच माणसं आहेत. आता मी उधन्यात राहते, मराठी शाळेत शिकवते.

मी अकरा वर्षांची होते. ओलपाडच्या बाजूला फड चालू होता. बाबांचा कोयता उसाच्या बुडाशी गेला आणि वरच्यावर थांबला. पाचटात पिंगट रंगाचं काहीतरी अंग चोरून पडलं होतं. मान जमिनीला टेकलेली, कान मागे चिकटवलेले, डोळा सताड उघडा. डोळ्याच्या कडेला माशी बसली तरी पापणी हलेना. मला वाटलं, मेलं. तेवढ्यात नाकपुडी किंचित फुलली.

"रोझनुं बच्चुं," शेताचा मालक म्हणाला. आमचा रोही, पुस्तकातली नीलगाय.

आसपास आई दिसेना, म्हणून सगळ्यांनी ते पोरकं ठरवलं. बाबांनी खांद्यावर घालून पडावावर आणलं. गाईचं दूध बाटलीने पाजलं. मी त्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधली. पोरांचा दिवसभर गराडा. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली, तिसऱ्या दिवशी गेलं. माय एवढंच म्हणाली, "पोरकं नव्हतं ते. त्याची माय कामावर गेली असंल."

हे तिला कुठून सुचलं ते मला माहीत आहे. मी तान्ही असताना ती बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, मला तिच्यात निजवायची आणि फडात शिरायची. मधूनच येऊन पाजून जायची. मला कुणी पोरकी समजून उचलून नेलं नाही.

पाडस जन्मलं की पहिले काही आठवडे रोहीची मादी त्याला उंच गवतात किंवा पिकात लपवते आणि स्वतः लांब चरते. दिवसातून मोजक्या वेळा येते, पाजते, चाटून स्वच्छ करते. त्याचं मूतसुद्धा चाटून टाकते, म्हणजे मागे वास उरत नाही. ती सारखी जवळ उभी राहिली तर बिबट्याला आणि कुत्र्यांना आयताच पत्ता लागेल. पाडसाचं काम एकच, हलायचं नाही. वांसद्याच्या जंगलातल्या चितळाची आणि चौसिंग्याची पाडसंही अशीच दडून राहतात.

शाळेत मुलं विचारतात, रोही हरीण की गाय? चितळ-सांबराच्या नराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट, चौसिंगा आणि रोही यांची गळत नाहीत. हे कुरंग, आणि आशियात त्यांच्यातला सगळ्यात मोठा रोही. पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे जातो. असं धूड उसातून अचानक उसळलं तर मुकाट्याने वाट सोडावी.

शेतकऱ्याचा रागही खोटा नाही. कळप एका रात्रीत भाजीचे वाफे खातो आणि खाण्याहून जास्त तुडवतो. डिसेंबर २०१५मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोहीला उपद्रवी ठरवलं गेलं आणि पुढच्या वर्षी मोकाम्यात २००वर जनावरं गोळ्या घालून मारली. पण कोयत्यापुढे निपचित पडलेल्या पाडसाचं काय करायचं, हे त्या भांडणात ठरत नाही.

जर्मनीत गवत कापायच्या मोसमात ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावून तो कुरणावरून फिरवतात. तिथल्या लहान हरणांची पाडसं यंत्राच्या आवाजाने पळत नाहीत, उलट जमिनीला आणखी चिकटतात आणि पात्याखाली येतात. म्हणून पहाटे शोधायचं. जमीन गार असते, पाडसाचं ऊबदार अंग पडद्यावर उठून दिसतं. सापडलं की हातात गवताचा पेंढा धरूनच ते उचलतात, कडेला ठेवतात आणि कापणी झाली की सोडतात.

आमच्याकडे ड्रोन नव्हता, माय होती. पुढच्या वर्षी आमच्या टोळीला पुन्हा पाडसं दिसली. या वेळी दोन. रोहीला बरेचदा जुळी होतात. मायने ओठावर बोट ठेवलं आणि भोवतीच्या दोन सऱ्या उभ्या सोडून पुढे तोडायला लागली. मुकादम ओरडला, ट्रक भरायचा होता. "सकाळी आधी हेच तोडते," ती म्हणाली. सकाळी तिथे सुपाएवढ्या दोन दबलेल्या जागा होत्या आणि शेजारी मोठ्या खुरांचे ठसे.

तेव्हा एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका. गर्दी पांगवा, कुत्री आवरा, तेवढा पट्टा सोडून माघारी फिरा. माणूस जवळ आहे तोवर आई येणार नाही. पाडस जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली, तर वनखात्याला कळवा; महाराष्ट्रात त्यासाठी 'हॅलो फॉरेस्ट'चा १९२६ हा क्रमांक आहे. घरी नेऊन पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि गाईच्या दुधाने काय होतं ते आमच्या पडावाने पाहिलं आहे.

त्या सकाळनंतर माय नव्या सरीत शिरताना कोयत्याच्या टोकाने पाचट उचलून बघायची. नुसता आवाज करून भागत नाही, पाडस आवाजाला उठत नाही. वाकावं लागतं. त्यापायी दिवसाकाठी एखादी मोळी कमी पडायची, आणि मुकादम ती वहीत बरोबर मांडायचा.