खिडकीपाशी बोलायचं कुणी?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेक न्यू जर्सीला नाहीतर कॅलिफोर्नियाला असली, की आता माहेरच उठून तिच्याकडे जातं. मग घरात डिंकाच्या लाडवांची, अळिवाची, बाळंतविड्याची तयारी सुरू होते. आणि व्हिसा? तो काय, 'हे' आणि जावई बघून घेतील! मैत्रिणींनो, इथेच जरा थांबा. तिकीट दुसऱ्याने काढलेलं चालतं, व्हिसा मात्र जिचा तिनेच मागायचा असतो.

गेल्या वर्षी माझी आई धाकट्या बहिणीकडे निघाली. अण्णा पथ्यपाण्यामुळे जाणार नव्हते, म्हणजे सगळं तिचं तिलाच निभवायचं होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून अर्ज भरायला मी बसले. हा अर्ज, डी. एस.-१६०, संगणकावर आणि इंग्रजीत भरावा लागतो. दुसऱ्या कुणी मदत केली तर त्याचं नाव त्यातच द्यायचं, पण अखेरची सही म्हणून जे बटण दाबायचं ते अर्जदारानेच. वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं, तेव्हा वरचा अर्जक्रमांक आधी वहीत टिपून ठेवा आणि मधूनमधून भरलेलं जतन करत चला.

आपल्या बायकांची खरी अडचण येते ती नावापाशी. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग! अर्जात पासपोर्टावरचं नाव जसंच्या तसं लिहायचं, आणि 'पूर्वीची नावं' असा प्रश्न येतो तिथे माहेरचं नाव द्यायचं. जन्मतारखेचंही तेच. शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून मांडलेली आपली आधीची पिढी! घरात वाढदिवस श्रावणात होत असला, तरी पासपोर्टावर असेल तीच तारीख लिहावी. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून.

फी १८५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही, म्हणून नकार का मिळतो ते आधी समजून घेतलेलं बरं. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ (ब) असं एक कलम आहे. भेटीला म्हणून येणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानेच पटवून द्यायचं, असा त्याचा अर्थ. म्हणजे 'तुम्ही परत का येणार?' हाच तिथला खरा प्रश्न. मुलीचं आमंत्रणपत्र, जावयाच्या पगाराचे कागद जरूर न्या, पण त्यांवर भिस्त ठेवू नका. पुष्कळदा अधिकारी एकही कागद मागत नाही, दोन-चार मिनिटं बोलतो आणि ठरवतो.

आणि इथेच नोकरी न करणारी बाई गडबडते. घर यांच्या नावावर, पेन्शन यांची, मग माझं म्हणून सांगू काय? अहो, तुमचा सगळा संसार इथेच आहे ना? नवरा, सासूबाई, लग्नाचा मुलगा, शेताचा वाटा, बँकेतली ठेव, जे खरं असेल ते सांगा. मुंबईच्या वकिलातीत मराठीतून बोलता येतं, तेव्हा उगीच पाठ केलेलं इंग्रजी नको. आईला विचारलं, "घरी काय करता?" ती म्हणाली, "घर चालवते. यांना मधुमेह आहे, त्यांचं जेवणखाण मीच बघते. चार महिने जाऊबाई बघतील, पुढे मला यायलाच हवं." झालं!

एका एजंटाने आम्हाला सांगितलं होतं, "बाळंतपणाचं नावच काढू नका, फिरायला जातोय म्हणा." आई म्हणाली, "साठी उलटल्यावर एकटी कुठं फिरायला जाऊ?" तिचंच बरोबर होतं. नुसता नकार मिळाला तर नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. खोटं बोललेलं उघडकीला आलं, तर अमेरिकेची वाट कायमची बंद होऊ शकते. लेकीजवळ राहायला जाते आहे, यात लपवण्यासारखं आहे काय? या व्हिसावर तिथे नोकरी मात्र करता येत नाही.

मुंबईत दोन खेपा धरून चला. बोटांचे ठसे आणि फोटो एका ठिकाणी, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बाहेर कोण थांबणार आणि कुठे भेटणार ते आधी ठरवा.

व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो. पण त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नव्हे. या खेपेला किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख पोचल्या पोचल्या लेकीला पाहायला सांगा, आणि परतीचं तिकीट तिच्या आतलंच ठेवा.